आधी तुम्ही

मे महिन्यातला शेवटचा रविवार. अलिबागहून मुंबईला येणाऱ्या लाँचवर आम्ही सहा जण होतो: मी, हे, सासूबाई, आमची मुलगी, आणि नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले शेजारचे भाऊजी व त्यांची बायको.

लिफ्ट असो की पाण्याचा टँकर, भाऊजी मागे सरून म्हणणार, “आधी तुम्ही, वहिनी.” सासूबाई चिडवायच्या, “अरे, अशानं तुझी बस सुटायची!”

अर्ध्या वाटेत वारा सुटला, लाटा आत येऊ लागल्या. लाइफ जॅकेटं वाटत खलाशी आला, पण भाऊजींपाशी येईतो ती संपली. सासूबाई आपलं जॅकेट उलटसुलट करून बघत होत्या. भाऊजींनी ते त्यांच्या हातातून ओढलं आणि स्वतः घातलं.

“अहो, ते आजींचं आहे!” त्यांची बायको ओरडली. ते बंद आवळत राहिले. ह्यांनी स्वतःचं काढून आईंना घातलं.

लाँच कशीबशी धक्क्याला लागली. पायऱ्यांशी भाऊजी मागे सरले.

“आधी तुम्ही, वहिनी.”

मी सासूबाईंचा हात धरून उतरले.

सहलीला आणलेला त्यांच्या बायकोचा चिवड्याचा डबा माझ्याकडेच राहिलाय. एरवी मी दुसऱ्याच दिवशी परत करते. पण रिकामा डबा कसा द्यायचा, आणि त्यात काय भरावं ते मला अजून सुचत नाही.