सुट्टीत केलेली डोंगराची पाहणी

वनस्पतिशास्त्रात विनोद नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या सरांबरोबर एकदा जंगलात जायला हवं होतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी कॉलेजात नवा डेमॉन्स्ट्रेटर होतो. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल तोडायला निघणार होतं. जंगल खात्याचे साहेब म्हणाले, "तिथे एखादी दुर्मिळ वनस्पती उभी दाखवा, तोड थांबवतो." ते काम आमच्या सरांकडे आलं. तेव्हापासून माझ्याकडे किस्से साठले ते साठलेच. एक सांगायला घ्यावा तर दुसरा रुसतो.

जीप चालवायला महादेवराव होते. त्यांची सासुरवाडी त्याच डोंगराखाली, आणि गावाला पाणी डोंगरातल्या झऱ्याचं. "झाडं गेले का झरा गेला," असं ते येताजाता म्हणत.

*

पहिली फेरी भर मे महिन्यात. सालई, धावडा, सगळे उघडेबोडके. सर जीपमधूनच म्हणाले, "लिहा, वनस्पती विरळ."

महादेवराव म्हणाले, "सर, उन्हाळ्यात पानं झडतेतच ना. पाणी पडल्यावर या."

"पाणी पडल्यावर कॉलेज असतं," सर म्हणाले.

*

कुठे काय उगवतं हे पाहायला एक लोखंडी कडं पाठमोरं फेकायचं आणि ते पडेल तिथली झाडं मोजायची, अशी शास्त्रीय रीत आहे. सरांनी ती काटेकोर पाळली. फक्त जीपची सावली सोडली नाही. शेवटी नकाशा तयार झाला, तर डोंगरातली यच्चयावत झाडं गाडीरस्त्याच्या कडेला उभी!

सरांनी नकाशा बराच वेळ निरखला. म्हणाले, "वनस्पतींना रस्ता मानवतो असं दिसतं."

*

नमुने वाळवायला आम्ही जुनी वर्तमानपत्रं नेली होती. दुपारी सरांना वाचायला काही नव्हतं. त्यांनी एकेक पान ओढून वाचलं आणि आतला माल हाताला येईल त्या कागदात परत कोंबला. एकाच बहाव्याची पानं एका कागदात, फुलं दुसऱ्यात, शेंगा तिसऱ्यात. तिन्हींवर वेगळे क्रमांक पडले.

मी ते भीतभीत दाखवलं. सर म्हणाले, "असू द्या. विविधता वाढली."

असल्या माणसाच्या हाती अख्ख्या गावाचं पाणी होतं, याचा मला आजही संताप येतो.

*

पंधरा ऑगस्टला रविवार जोडून आला, म्हणून आम्ही पावसात एकदाचे गेलो. आणि सापडली! बांबूच्या बेटात कंदीलपुष्पाची वेल, छोट्या कंदिलासारखी फुलं लागलेली. आम्ही दिवसभर बेटंच्या बेटं धुंडाळली, पण दुसरी वेल नाही. महादेवरावांनी तर वेलीला हात जोडले.

सरांनी खुरपं मागितलं.

महादेवराव म्हणाले, "सर, ते राहू द्या ना. साहेबाले दाखवाची हाय."

"तीच तर दाखवायची आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी वेल कंदासकट उपटली.

पुढल्या आठवड्यात साहेब स्वतः डोंगरावर आले. सरांनी जाड कागदावर चिकटवलेली वाळकी वेल त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी ती कौतुकाने पाहिली. मग चहूकडे नजर टाकत विचारलं, "वा! आणि उभी कुठे आहे?"

सरांची छाती फुगली. "कुठेच नाही साहेब. इतकी दुर्मिळ आहे."