थोरले, धाकटे आणि व्हॉल्व्हची साखळी

थोरल्यांना जगात दोनच गोष्टींचा राग येई: धाकट्यांचा आणि धाकट्यांच्या कौतुकाचा. धाकटे म्हणजे त्यांचे साडू. सासुरवाडीत दोघांना थोरले जावई, धाकटे जावई म्हणत. पुढे धाकटे थोरल्यांच्याच कंपनीत लागले आणि ही नावंही मागोमाग ऑफिसात आली.

कंपनी हॉस्पिटलच्या चादरी धुणारी अवाढव्य यंत्रं बनवायची. यंत्राच्या पोटातला प्रोग्रॅम थोरल्यांचा. त्यातही धुऊन झाल्यावर पाणी बाहेर सोडण्याचा भाग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एक व्हॉल्व्ह घ्या, बंद असेल तर उघडा, पुढचा घ्या. असा साधा, कष्टाळू लूप. आता सगळं नव्या भाषेत लिहायचं ठरलं, तर धाकट्यांनी लूपच हद्दपार केले. व्हॉल्व्हची यादी बंद तेवढे निवडणाऱ्या फिल्टरमध्ये, तिथून पुढच्या फंक्शनमध्ये, अशी एकच साखळी. थेट हार्डवेअरशी बोलणारी भाषा, आणि कोड गणितासारखा! साहेब म्हणाले, "वाचताना कसं गार वाटतं!"

थोरल्यांचा लूप वाचून आजवर कुणाला गार वाटलं नव्हतं.

घरीही तेच. "छोटीचे हे बघा, सारखं नवं शिकत असतात," बायको म्हणाली.

"मग त्यांनाच वाढ जेवायला!"

"वाढलं असतं. ते हाक मारल्यावर लगेच येतात तरी."

पाण्याचा भाग कुणाचा घ्यायचा, हे साहेब चाचणीच्या खोलीत ठरवणार होते. थोरल्यांनी गुपचूप साखळी शिकून घेतली. यादी, फिल्टर, मग प्रत्येकावर तेच काम लावणारा मॅप, आणि मॅपमध्ये 'उघडा'. कोड तपासून घेणाऱ्या कंपायलरने पिवळ्या अक्षरांत काहीतरी कुरकुर केली. लाल असती तर त्यांनी वाचली असती. पिवळी म्हणजे नुसता सल्ला, आणि धाकटे आल्यापासून त्यांना सल्ल्याचं वावडं होतं.

चाचणीत यंत्र झकास घुमलं, थांबलं, आणि पाणी जागच्या जागी. चादरी काचेतून बाहेर बघत राहिल्या. साहेब बाहेरून आत बघत राहिले.

"पंप बिघडला असणार," थोरले म्हणाले.

धाकटे हळूच कानाशी आले. "दादा, मॅप आळशी असतो. काय करायचं ते ठरवून ठेवतो, पण कुणी मागेपर्यंत हलत नाही. त्याच्या जागी फॉर-ईच घाला, तो लगेच कामाला लागतो."

"माहीत आहे मला," म्हणत थोरल्यांनी निमूट घातलं. पाणी धो धो सुटलं.

"वा, थोरले! पाणी तुमच्याकडेच!" साहेब म्हणाले.

धाकट्यांनी टाळ्या वाजवल्या. हा माणूस जरासा लबाड असता तर किती सोय झाली असती! पाण्याच्या आवाजात बुडून जाईल अशा बेताने थोरले पुटपुटले, "चूक यांनी काढली, साहेब."

साहेबांना ऐकू गेलं नाही. धाकट्यांना गेलं. ते ओरडले, "छे हो साहेब! साखळी दादांची, मी एक शब्द सुचवला. त्यांच्याकडेच राहू द्या!"

म्हणजे आता सासुरवाडीत हा मोठेपणाही धाकट्यांच्याच नावावर सांगितला जाणार!

"भाग दोघांचा, साहेब!" थोरल्यांनी आवाज चढवला. "मीच सांगतोय, दोघांचा!"

आणि धाकटे 'नको, नको' म्हणायच्या आत त्यांनी बायकोला फोन लावला.