धाकटीचं काचेचं भांडं

रविवारी बाळकुमला धाकट्या जावेकडे जेवायला गेलो होतो. तिनं क्रीम आणि काजू घालून बेक केलेला पालक केला होता. सासूबाईंनी तो दोनदा मागून घेतला. माझा ताकातला पालक त्या इतकी वर्षं मुकाट गिळताहेत! निघताना जावेनं उरलेला पालक काचेच्या भांड्यात घालून दिला, "आईंना आवडलाय ना," म्हणाली. नौपाड्यात घरी पोचेपर्यंत ते भांडं मांडीवर घेऊन मी रिक्षात नुसती धुमसत होते.

सकाळी मुलांनी तो पालक संपवला. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. म्हटलं, थांब, तुला पालकच पाठवते, माझ्या हातचा. भेट आलेल्या ओव्हनमध्ये मी तवे ठेवायचे, ते उपसले. पालक उकडून घट्ट पिळला, लसणावर परतला, पांढऱ्या सॉसमध्ये साय घातली, जावेच्याच भांड्यात सगळं भरलं, वर चीज आणि तिच्या दुप्पट काजू. सोनेरी झाल्यावर भांडं ओट्यावर गार व्हायला ठेवलं.

तेवढ्यात सासूबाई भजनाहून आल्या. ओळखीचं भांडं बघून त्यांनी वाटीत वाढून घेतलं आणि पहिल्याच घासाला डोळे मिटले.

"धाकटीचा अजून उरला होता होय गं? कालच्यापेक्षा छान मुरलाय. तिच्या हाताला चवच आहे हो!"

मी "हो" म्हटलं. उरलेला सगळा पालक त्यांच्या वाटीत वाढला, भांडं घासलं आणि बाळकुमला रिकामंच पाठवून दिलं.