आधी कांद्याचा भाव

आमच्या गावचं वाचनालय एका खोलीत, एका कपाटावर सुरू झालं. आता दुमजली इमारत आहे, वर अभ्यासिका आहे आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. त्या जुन्या खोलीत शांतता नव्हतीच. वाचता येणारा एक जण ओट्यावर मोठ्यानं पेपर वाचायचा, बाकीचे ऐकायचे. मी वाचायला शिकले, तसे माझे वडील, म्हणजे आबा, सगळ्यांना बाजूला सरकवायचे. "आमची पोरगी वाचणार. मंत्री राहू दे गं, आधी कांद्याचा भाव सांग!" घरातली पहिली पदवीधर मी. त्या पदवीची सुरुवात त्या ओट्यावर झाली, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते.

काल नव्या इमारतीत पेपर उघडला आणि मानेमागे ओळखीचा तंबाखूचा वास आला. मागं कुणीच नव्हतं. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी मथळा माझ्या तोंडून मोठ्यानं निघाला.

"ताई, हळू! पोरं अभ्यास करतायत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"एकालाच वाचून दाखवतेय."

त्यांनी माझ्या मागं पाहिलं, मग माझ्याकडे. "पायरीवर बसून वाचा," त्या हळूच म्हणाल्या.

पायरीवर एका माणसाची जागा सोडून मी बसले. मथळे राहू दिले आणि आधी कांद्याचा भाव वाचला.