तुपात न मुरलेली मेथी

लखनौची थंडी मला आजही अर्धवट झोपेतच आठवते. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. आमची मुलगी तिथे डिसेंबरच्या धुक्यात झाली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी जागी होते की झोपेत, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. खिडकीबाहेर सगळं पांढरं, आत दुलईतली ऊब, आणि मधूनच कुठूनतरी भाजीवाल्याची लांबलचक हाक तरंगत यायची, 'सोया-मेथीऽऽ'. सोया म्हणजे आपला शेपू. तिकडे शेपू आणि मेथी एकत्रच विकतात आणि बटाट्याबरोबर एकत्रच परततात. आमच्या घरात मात्र शेपूचं नाव काढायची सोय नव्हती. ह्यांना तो वासही चालत नसे. त्यामुळे मी उन्हात बसून काड्या वेगळ्या करायची, मेथीची पीठ पेरून भाजी करायची आणि शेपू शेजारच्या चाचींकडे जायचा. संध्याकाळी तोच त्यांच्याकडून बटाटे घालून वाटीतून परत यायचा, आणि हे घरी येण्याआधी मी तो उभ्याउभ्या संपवायची.

बाळंतपणाला आई येणार होती. तिकीट काढलेलं होतं, पण वडिलांनी अंथरूण धरलं आणि तिचं येणं राहिलं. सासूबाई तर आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघं आणि ते एवढंसं बाळ. त्यात माझं दूध पुरेना. पोरगी प्यायची, सोडायची आणि पुन्हा रडायची. पुढच्या भेटीपर्यंत वजन वाढलं नाही तर डब्याचं दूध सुरू करू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डब्याच्या दुधात वाईट काही नाही, हे आज कळतं. तेव्हा मात्र माझ्यातच काही कमी आहे असं वाटायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडायची.

असंच एकदा रडताना मी म्हणाले असेन, आई असती तर मेथीचे लाडू केले असते. मेथीने दूध येतं, कंबर धरत नाही, वात होत नाही, हे ऐकतच आम्ही बहिणी मोठ्या झालो होतो. हे संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ. असल्या गोष्टींना पुरावा काय, असं एरवी नक्की विचारलं असतं. त्या दिवशी मात्र पिशवी घेऊन बाहेर पडले.

तोवर ह्यांनी घरात चहाखेरीज काही केलं नव्हतं. आता मात्र प्रयोगशाळेत मांडावं तसं सगळं ओट्यावर मांडलं. डिंक तळला, खोबरं किसून भाजलं, कणीक तुपात परतली, गूळ चिरला. मेथी खमंग भाजून दळली आणि तशीच्या तशी त्यात मिसळली. घरभर असा काही वास सुटला की मला डोळे मिटल्यामिटल्या माहेरी गेल्यासारखं वाटलं. मग ताटलीत एक लाडू घेऊन हे दारात उभे राहिले. मी घास घेतला आणि माझे कान गरम झाले. इतकं कडू मी जन्मात खाल्लं नव्हतं.

कसा झालाय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, छान.

मग रोज सकाळी कोमट दुधाबरोबर मी तो लाडू डोळे मिटून गिळायची आणि पुन्हा गुंगीत जायची. अशाच एका गुंगीत मला आईचं स्वयंपाकघर दिसलं. फळीवर बरणी, बरणीत तूप, आणि तुपात बुडालेलं मेथीचं पीठ. आठ-आठ दिवस ती बरणी तिथे असायची. कीड लागू नये म्हणून तशी ठेवतात, अशी माझी समजूत. ती मेथी तिथे मुरत होती, कडूपणा सोडत होती, हे मला लखनौत दुलईखाली पडल्यापडल्या कळलं. पण ह्यांना सांगितलं नाही. रात्रभर पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या, सकाळी डबा उघडून लाडू कमी झालेत का पाहायचं आणि खुशीत कामाला जायचं, असं ह्यांचं चाललं होतं. त्यात कुठे कडूपणा काढायचा? शिवाय बाळंतिणीचं दुसऱ्याने खायचं नसतं म्हणून हे स्वतः एका लाडवालाही हात लावत नसत. एरवी गोडाला टपलेले.

चाचींनी एकदा गच्चीत उन्हाला बसल्या असताना माझ्या ताटलीतला कण उचलून तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहतच राहिल्या. "मेथी को पहले दूध में भिगोते हैं, बेटा," त्या हळूच म्हणाल्या. ह्यांना सांगू नका, म्हणून मी विनवलं. तोंडाला पदर लावून त्या हसत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा सुंठ-गुळाचा गरम हरीरा चिनहट या जवळच्या कुंभारगावच्या बरणीतून माझ्यासाठी येऊ लागला.

आणि दूध आलं. लाडवांनी, हरीऱ्याने, की उन्हात कुणीतरी शेजारी बसल्याने, ते मला सांगता येणार नाही. एका दुपारी पोरीने आपण होऊन छाती सोडली आणि तोंड उघडं टाकून झोपली. ओठाच्या कडेला दूध ओघळलेलं होतं. मी ते पुसलंच नाही, नुसती बघत राहिले.

पुढच्या भेटीत वजन वाढलेलं निघालं. डबा लागणार नव्हता. रिक्षातून परतताना ह्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. घरी आल्याआल्या तोंड गोड करायला काही शोधलं, मिळालं नाही, तेव्हा लाडवांचा डबा उघडला. आज एक माझा, म्हणत मोठा घास घेतला.

चावणं थांबलं.

"हे तू रोज खात होतीस?"

"हो."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही केले होते," मी म्हटलं.

हे पलंगाच्या कडेवर बसले. आमच्या दोघांच्या मध्ये पोरगी शांत झोपली होती. टाकून द्या तो, मी म्हटलं. टाकला नाही. खिडकीबाहेर पुन्हा धुकं उतरत होतं, आणि पोरीकडे बघत बघत ह्यांनी तो अख्खा लाडू सावकाश संपवला. वर पाणीसुद्धा मागितलं नाही.