हत्यारांना दाखल क्रमांक

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी तीन दिवस शिकवायला गेले होते. मागच्या खोलीत हत्यारं ठेवायची आणि गावानं तिथं येऊन आपल्या वस्तू आपल्या हातानं बनवायच्या, दुरुस्त करायच्या, अशी योजना होती. ती खोली चालवायला ग्रंथपालांना तयार करायचं, हे माझं काम. खोली त्यांनीच समितीशी भांडून मिळवली होती. सचिवांनी अट घातली होती, महिनाभरात कुणी वापरली नाही तर तिथं पुन्हा जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

माझ्या वहीत एकोणीस मुद्दे होते. सगळे शिकवले, खुणा केल्या, परतले.

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा पाहायला गेले. खोली लख्ख. पाना, पक्कड, करवत, हातोडी, प्रत्येकावर पुस्तकांवर असतो तसा रंगानं दाखल क्रमांक घातलेला. सगळं काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप.

"कुणी आलं का?"

"येतात की. काचेतून पाहून जातात," ग्रंथपाल म्हणाले. "काहून कुणास ठाऊक, मागत कुणी न्हाई."

टेबलावर मागणीच्या चिठ्ठ्या होत्या. त्यावर हत्याराचं नाव, दाखल क्रमांक, सभासद क्रमांक. इतक्या वर्षांत या माणसानं एक पुस्तक हरवू दिलं नव्हतं. आणि 'प्रत्येक वस्तूला नंबर द्या' हा मुद्दा माझाच. कुलूप उघडं ठेवा, असं मात्र मी कुठंच लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक शेतकरी बाई फवारणीचा पंप घेऊन दारात आली.

"दांडा मारला की सगळं औषध माझ्याच पाठीवर गळून राहिलं. धुऊन आणलाय. पाना द्या."

"सभासद आहात का, मावशी?"

"पंप दुरुस्त करायचाय भाऊ, वाचून न्हाई दाखवायचा."

"तसं न्हाई. पाना हरवला तर?"

"मग बसा माझ्याजवळ. पळाले तर धरा."

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. त्यांनी कुलूप काढलं आणि खरंच तिच्याजवळ फरशीवर बसले. आधी पान्यावर नजर ठेवून, मग दोन्ही हातांनी पंप धरून. आतलं रबराचं वायसर झिजलं होतं. ते उठून आपल्या सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. मावशीनं तिच्यातून गोल चकती कापली. पहिली लहान झाली, दुसरी वाकडी, तिसरी बसली. मग तिनं पंपात पाणी भरलं.

तोवर सकाळचे अकरा वाजून गेले होते. वाचनालय बंद व्हायची वेळ. उघडं दार पाहून सचिव आत आले.

"सर, अजून बंद काहून केलं न्हाई?"

ग्रंथपाल उठले नाहीत. "मारा दांडा, मावशी."

पाण्याचा फवारा थेट सचिवांच्या सदऱ्यावर गेला.

"साधं पाणी हाय, भिऊ नका," मावशी म्हणाली.

सचिवांनी चष्मा पुसला, वाकून पंपाखाली हात फिरवला. हात कोरडाच निघाला. गठ्ठ्यांचा विषय त्यांनी काढला नाही.

"आमच्या घरचा मिक्सर उद्या आणला तर?" त्यांनी विचारलं.

"आणा. पण खोलायचा तुमीच," ग्रंथपाल म्हणाले. "मी नुसता बाजूला बसतो."