बिनपावडरीचा चहा

मंगलबाईंची नि माझी पहिली ओळख आटपाडीच्या शाळेत झाली, तीही वादावरून. मी वाईचा, नुकताच नोकरीला लागलेला. शहाणपण उतू जात होतं. तिसरीतल्या शबानाला अक्षरं येत, पण पुस्तकातलं एक वाक्य सलग वाचता येत नसे. आणि बाई तिला रोज लिहायला बसवत!

"बाई, जिला वाचता येत नाही, तिला लिहायला काय लावता?" मी विचारलं.

"काय होतं ते मलाही बघायचंय," बाई म्हणाल्या.

बाईंच्या वर्गाची एक रीत होती. घरचं येणारं काम बोलतो तसं लिहायचं. मग दुसऱ्यानं कागद बघून नेमकं तेवढंच करायचं. चुका बाई स्वतः कधी दाखवत नसत. मी एकदा शबानाच्या कागदावर लाल पेन चालवलं, तर पोरीनं दोन दिवस पेन्सिल धरली नाही. बाई रागावल्या नाहीत. कोरा कागद देऊन मलाच तिची समजूत काढायला पाठवलं. मला फार लाज वाटली.

अशातच शबानाची आई शाळेत आली. "लेकीला न्याया आलेय. तिसरीत गेली तरी वाचता येत न्हाई. घरी धाकट्याला तरी सांभाळंल."

"आधी चहा तर घ्या. तुमच्या लेकीनंच लिहून दिलाय." शबानाचा कागद समोर ठेवून बाईंनी शाळेच्या स्वयंपाकखोलीत चहा केला. आईनं घोट घेतला नि तोंड वाकडं केलं.

"आवं बाई, ह्यात पावडर कुठं हाय?"

"लिहिलीच नाही, तर टाकू कुठून?"

"लिवलीया मी!" शेजारी उभ्या शबानानं कागद ओढून घेतला. ओळीखाली बोट ठेवून ती शोधू लागली. "पातेल्यात... दोन कप पानी... आलं ठेचून टाका... साखर... दूद वता..." शेवटाला पोचली नि रडवेली झाली. "न्हाई लिवली की!"

आईनं कप खाली ठेवला. "बाई, ही वाचतीया व्हय?"

शबाना शाळेतच राहिली. स्वतःचं वाक्य पोर अर्ध्यात सोडत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. ते असं का होतं, हे मी अजून प्रत्येक वर्गात बघत असतो. ही खोड बाईंनीच लावली.

आज बाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, ही आम्हा सगळ्यांची इच्छा. शबाना आता सांगलीला परिचारिका आहे. बाईंच्या या गौरवग्रंथासाठी तिच्याकडे लेख मागितला, तर तिनं चहाची कृतीच पाठवली, या वेळी पावडरीसकट. खाली लिहिलंय: "बाईंच्या कपात साखर टाकू नये. बाई आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हव्या आहेत."